तांबटाचं पोर दचकत नाही

आमच्या आळीत बहिरेपणाला मान होता. हसू नका, खरं सांगते. जुन्या नाशकात, गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, पाच मिनिटांचा चढ चढलं की आमची तांबटांची आळी. सकाळी सातला जो हातोडा सुरू व्हायचा तो दिवेलागणीलाच थांबायचा. एका घरात बंब, दुसऱ्यात हंडे, समोर घंगाळं, आणि प्रत्येकाचा ठोका वेगळा. अशा गोंगाटात तीस-चाळीस वर्षं बसलेल्या माणसाचे कान राहतात होय? आमचे आजोबा ठार बहिरे होते. आळीतले आणखी दोघे-तिघे म्हातारेही तसेच. पण त्यांना बहिरा म्हणायची कुणाची छाती नव्हती. ‘कान तांब्याला दिले त्यांनी,’ असं म्हणायचे, जसं काही देवालाच वाहिले. आजोबांशी बोलायचं म्हणजे सगळं घर ओरडायचं. ते भलतंच उत्तर द्यायचे, वर स्वतःच खो खो हसायचे, आणि आम्हीही हसायचो. लग्नाकार्यात पहिल्या पंगतीत त्यांचा पाट ठरलेला. न ऐकू येणारा माणूस म्हणजे कसा, असं मला कुणी लहानपणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, मोठा आणि हसरा.

माझी धाकटी बहीण वत्सला झाली तेव्हा मी चार वर्षांची होते. बारशाला आत्याने तिच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगितलं आणि बायकांनी आत्याच्या पाठीत धपके घातले, तेवढं मला आठवतं. आईला कामाचा रगाडा, म्हणून वच्छीची झोळी अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, बसायच्या जागेवरच तुळईला बांधलेली असायची. खाली हंड्यावर घण पडतोय आणि वर पोर गाढ झोपलंय. बाहेरगावच्या पाहुण्या कानांवर हात ठेवायच्या, पण वच्छीची पापणी हलायची नाही. ‘बघा, तांबटाचं पोर दचकत नाही!’ आजोबा येईल त्याला बोलावून दाखवायचे. मुद्दाम तिच्या उशाशी घंगाळ बडवायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे. वर मला चिडवायचे, ‘ही सुमी बघा, अजून लाहीसारखी उडते!’ मला तिचा असा हेवा वाटायचा म्हणून सांगू. दुसऱ्या कुठल्याही घरात ही चूक झाली नसती. कापडवाल्याच्या, भटजींच्या घरात पोर ताटली पडल्याच्या आवाजाला हललं नसतं तर आई त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे घेऊन धावली असती. आमच्याकडे पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

आळीची सुट्टी अमावस्येला. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती, हातोडा उचलायचा नाही. एरवी कुणाच्या लक्षात न येणारे आवाज तेव्हा ऐकू यायचे, कुणाच्या तरी घरचा पाटा-वरवंटा, गंगेवरच्या देवळांतली घंटा. वच्छी तीन वर्षांची असेल. बोलायला अजून लागली नव्हती, पण ‘मुलींना उशिरा येतं, वेळ आली म्हणजे बोलेल’ यावर सगळ्यांचं समाधान होतं. अशाच एका अमावस्येला ती उंबऱ्यात पाठमोरी बसून चिंचोके खेळत होती. आईने हाक मारली. पुन्हा मारली. मग आई तिच्या अगदी मागे जाऊन उभी राहिली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, ‘वच्छेऽ!’ समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. वच्छीने एक चिंचोका उचलून दुसऱ्यावर ठेवला. आजोबा आतून आले आणि काय झालं म्हणून विचारू लागले, पण त्या दिवशी त्यांच्याशी ओरडून बोलायला कुणी तयार नव्हतं.

त्या दिवसापासून एकाच घरात दोन तऱ्हेचे कान झाले. आजोबांचे कमावलेले, वच्छीचे मागच्या जन्मीच्या पापाचे. बायका आईला विचारायच्या, ‘ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?’ आई आठवून आठवून रडायची. त्र्यंबकला जाऊन विधी करून झाला, अंगारे झाले, कानात कसलंसं तेल झालं. माझ्या शाळेतल्या बाई एकदा घरी येऊन सांगून गेल्या की अशा मुलांची शाळा असते, बोलायलासुद्धा शिकवतात. अण्णांनी त्यांना चहा दिला आणि त्या गेल्यावर म्हणाले, ‘शाळेत घातली म्हणजे गावभर झालं. सुमीचं लग्न व्हायचंय अजून.’ मी तेव्हा आठवीत! आमच्या लग्नाची काळजी वाहायला सगळी तयार असायची, आमची वाहायला कोणी नाही. अण्णा वाईट नव्हते हो. वच्छीच्या अंगावरून हात फिरवल्याशिवाय ते जेवायला बसायचे नाहीत. पण दारात कुणी नवं माणूस दिसलं की तोच हात तिला पाठीला धरून आत सारायचा.

तर ती आतच राहिली आणि तिच्या वाट्याला मी आले. आम्ही दोघींनी हातांची एक भाषा केली. शिकवली कुणी नाही, जशी गरज पडेल तशा खुणा होत गेल्या. आजोबा म्हणजे मिशीला पीळ. अमावस्या म्हणजे मूठ उघडून हातोडा खाली ठेवायचा. बहीण म्हणजे दोन बोटांची वेणी, कारण आई आम्हा दोघींना एकाच रिबिनीचे दोन तुकडे करून बांधायची. शेजारची म्हणजे बोटांच्या पेरांनी हवेतल्या भिंतीवर दोनदा टकटक आणि मग अंगठा खांद्यावरून मागे. दुपारी आम्ही शेंगोळे वळायला बसायचो. कुळथाच्या पिठाने चारी हात भरलेले, मधेच काहीतरी सांगायचं म्हणून वच्छी हात उचलायची आणि पिठाचे गोळे उडायचे. आई ओरडायची, पण मलाच. वच्छीचे शेंगोळे सगळे एका जाडीचे, माझे एक सापासारखा तर एक गांडुळासारखा. आळीतल्या सगळ्या बायकांची नक्कल ती हातांनी करायची, आणि ती अशी हुबेहूब की मला तोंडात पदर कोंबावा लागायचा. घरात दुसऱ्या कुणालाही त्यातलं ओ की ठो कळत नसे. आईला ‘भूक’, ‘पाणी’, ‘ये’, ‘जा’ एवढं यायचं. अण्णांना तेवढंही नाही. सगळ्यांना वाटायचं पोरगी गप्प असते. इतकं बोलणारं माणूस मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही.

तेरा-चौदा वर्षांची झाली तशी ती मागच्या खोलीत मठारायला लागली. भांडं घडून झालं की त्याच्यावर लहान हातोडीने एकाशेजारी एक ठोके मारत जायचं, म्हणजे तांबं घट्ट होतं आणि झळाळी येते, त्याला आमच्याकडे मठार म्हणतात. बायकांनी ऐरणीला बसायची रीत नव्हती, पण मागच्या खोलीत कोण बघतंय? अण्णांनी एकदा गंमत म्हणून हातोडी दिली आणि नंतर त्यांनाच कळेना की आता काय करावं. ठोका नीट बसला की नाही हे बाकीचे कारागीर कानाने ओळखतात. वच्छी डाव्या हाताच्या तळव्याने ओळखायची. तिचं काम आरशासारखं यायचं. दुकानात ते अण्णांचं म्हणून विकलं जायचं आणि अण्णा खाली मान घालून तारीफ ऐकून घ्यायचे.

आजोबा तोवर गेले होते. मला पहिल्यांदा बघायला आले ते सिन्नरकडचे होते. पसंती कळवली आणि आठ दिवसांनी निरोप, नको. दुसऱ्यांदाही तेच. मध्यस्थाने आईला बाजूला घेऊन सांगितलं, ‘मुलगी चांगलीये हो, पण धाकटी तशी म्हटल्यावर... उद्या हिची पोरं मुकी निघाली म्हणजे?’ मी एकोणीस वर्षांची होते. आळीतल्या माझ्या बरोबरीच्या सगळ्या पोरी दिल्या घरी गेल्या होत्या. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी वच्छीकडे पाठ करून झोपले. तिसरं स्थळ नांदगावचं आलं. मुलगा कचेरीत कारकून, घरचा थोडा मळा, आणि मी त्याचा फोटो बघून ठेवला होता. अण्णा म्हणाले, या वेळी वच्छी आत राहील आणि विषयच काढायचा नाही. विचारलंच तर एक मुलगी, बस्स. आई मला म्हणाली, ‘तूच सांग बाई तिला, आत थांब म्हणावं. आम्हाला काय ते हातवारे जमत नाहीत.’

आणि मी सांगितलं नाही. म्हणजे अर्धंच सांगितलं. पाहुणे येणार, नवरदेव येणार, हे सांगितलं. पुढचं सांगायला हात उचलले आणि बघितलं तर तिचा चेहरा असा फुलला होता की माझ्याच्याने होईना. आमच्या भाषेत ‘तुला लपवायचंय’ याला खूणच नव्हती. नवी करावी लागली असती. मी मनाशी म्हटलं, ती कुठे बाहेर येते एरवी तरी? त्या चार दिवसांत ती मागच्या खोलीतून जेवायलासुद्धा धड उठली नाही. काय करतेस विचारलं तर पोटाशी धरून लपवायची आणि हसायची.

पाहुणे दुपारी चारला आले. बोलणं ऐकू यावं म्हणून अण्णांनी आळीत घरोघर जाऊन तासभर हातोडा बंद ठेवायची विनंती केली होती, आणि आळीने ती मानली. लेकीचं कार्य म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? अमावस्या नसताना आळी अशी चिडीचूप मी कधी पाहिली नव्हती. नवरामुलगा, त्याचे मामा आणि आई. आईंचं म्हणजे माझ्या सासूबाईंचं मोठं कुंकू आणि त्याहून मोठे डोळे. मी शिऱ्याच्या बशा ठेवून समोर बसले. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, सुरू झालं. आणि मागच्या खोलीतून ठोका आला. टण्. टण्. टण्. सगळ्या आळीत तेवढाच आवाज. तिला काय ठाऊक आळी थांबलीये ते! मामा म्हणाले, ‘कारागीर वाटतं?’ अण्णा म्हणाले, ‘हो, आहे एक.’ आईने सगळ्यांच्या बशांत आणखी शिरा वाढायला घेतला. मग ठोका थांबला, आणि मला वाटलं सुटलो.

दार उघडून वच्छी बाहेर आली. माझीच निळी साडी नेसली होती, हाताला राख होती आणि हातात तांब्या. चार दिवस ती तोच करत होती. मी आजवर इतके तांबे पाहिले, पण तसा नाही. तिने कुणाकडे न बघता तो थेट सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि नमस्कार केला. सासूबाईंनी उचलून उजेडाकडे धरला. ‘लय सुरेख केलंय गं बाई! कोण हाय ही पोरगी?’ विचारलं वच्छीला, पण ती नुसती हसत उभी. अण्णा जमिनीकडे बघत होते. आईने माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी बोलायलाच हवं होतं आणि मी बोलले. ‘शेजारची आहे,’ मी म्हटलं.

एवढंच असतं तर निभावलं असतं हो. तिला काय ऐकू येणार होतं? पण जन्मभर वच्छीच्या समोर मी हातांशिवाय बोललेच नव्हते. तोंडाने शब्द गेला आणि उजवा हात आपणहून उठला. पेरांनी दोनदा टकटक, अंगठा खांद्यावरून मागे. मांडीवर परत आला तेव्हा मला कळलं की आपण काय केलं. पाहुण्यांना वाटलं असेल, पोरगी हात हलवत बोलते. वच्छीने माझ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं. मग ती पुन्हा एकदा सासूबाईंना नमस्कार करून, अगदी शेजारची मुलगी जाते तशी, समोरच्या दाराने बाहेर निघून गेली. मागच्या खोलीत नाही, रस्त्यावर. दिवे लागल्यावर परत आली.

लग्न ठरलं. आईने देवापुढे साखर ठेवली. त्या रात्रीपासून वच्छी माझ्याशी बोलली नाही. बोलत्या माणसाचा अबोला वेगळा असतो. तो ऐकत तरी असतो, दाराआडून का होईना तुम्ही माफी मागू शकता. वच्छीने नुसती नजर काढून घेतली. मी समोर जाऊन हात उचलले की ती मान फिरवायची, मी त्या बाजूला गेले की डोळे मिटायची. डोळे मिटलेल्या वच्छीला कसं काय सांगायचं? हळदीच्या आदल्या दिवशी मी तिचा हात धरून बळेच माझ्या दोन बोटांची वेणी तिच्या तळव्यात करायचा प्रयत्न केला. तिने हात सोडवून घेतला आणि शेंगोळ्यांचं पीठ मळायला गेली. लग्नात करवली म्हणून माझ्यामागे चुलतबहीण उभी राहिली. वच्छी बायकांच्या घोळक्यात मागे होती, शेजारच्यांबरोबर. मंगलाष्टकांचा एक शब्द मला आठवत नाही.

तो तांब्या सासूबाईंनी हट्टाने नांदगावला आणला होता. पुढची कितीतरी वर्षं मी त्यातलं पाणी प्यायले. मला दोन मुलं झाली, दोघंही बोलकी, नको इतकी. थोरला चार-पाच वर्षांचा झाल्यावर मला धीर आला. सासूबाई अंगणात चिंचेने तांब्या घासत होत्या, मी समोर बसून सगळं सांगून टाकलं आणि आता काय ऐकावं लागणार म्हणून मान खाली घातली. ‘हात्तिच्या!’ त्या म्हणाल्या. ‘मला तवाच कळलं व्हतं. नाक तुझंच हाय की तिचं.’ मी म्हटलं, ‘मग बोलला का नाहीत?’ ‘तूच नाय म्हणलीस, मी कशाला हो म्हणू? माझं काय अडलं व्हतं?’ आणि घासायला लागल्या. त्या दिवशी मी मळ्यात जाऊन रडले. ज्यांच्यासाठी खोटं बोलले त्यांना ते पटलंच नव्हतं, आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नव्हतं. फसली होती ती एकटी वच्छी.

माहेरी जायचे तेव्हा ती जेवायला वाढायची, माझ्या पोरांचे लाड करायची, माझ्याकडे बघायची नाही. आई गेली, अण्णा गेले. जाताना अण्णांनी घर तिच्या नावावर केलं, उशिरा का होईना. आणि वच्छीला तिची माणसं मिळाली. शहरात तिच्यासारखे बरेच आहेत, रविवारी गंगेवर जमतात. त्यांच्यात बसून ती आता चारचौघांची हातांची भाषा बोलते, आणि ती इतकी भरभर की मी एकदा लांब उभी राहून बघत होते तर मला त्यातलं अक्षर कळलं नाही.

यजमान गेल्यावर मी नाशकात धाकट्याकडे राहायला आले, गंगापूर रोडला, पाचव्या मजल्यावर. आणि आता माझे कान गेले. डॉक्टर म्हणाले, लहानपणी फार आवाजात राहिलात का? मी म्हटलं, अहो, पाळण्यापासून! कानातलं मशीन आहे, पण त्यात भांडीच जास्त वाजतात, म्हणून ते खणात असतं. जेवायला बसलो की सगळे हसतात. मी विचारते, काय झालं रे? सून म्हणते काहीतरी. पुन्हा विचारलं की नात माझ्या कानाशी येऊन ओरडते, ‘काही नाही गं आजी!’ चांगली आहेत पोरं, वाईट नाहीत. पण दिवसातून दहा वेळा ‘काही नाही’ ऐकलं की माणूस विचारायचं सोडून देतं आणि ताटाकडे बघत जेवतं. आजोबा भलतंच बोलून एवढे का हसायचे ते मला आता कळलंय. कधीकधी टीव्हीसमोर बसल्या बसल्या माझे हात आपोआप हलतात. घरच्यांना वाटतं, म्हातारपणाचा कंप आहे. त्या भाषेत बोलणारी जगात दोनच माणसं आणि त्यातलं एक माझ्याकडे बघत नाही.

गेल्या महिन्यात मी रिक्षा करून एकटीच आळीत गेले. आळी आता ओळखू येत नाही. दोन-तीन घरांत हातोडा उरलाय म्हणतात, मला तोही ऐकू आला नाही. वच्छी पुढच्याच खोलीत, रस्त्याकडे तोंड करून मठारत बसली होती. केस पांढरे झालेत, मनगट अजून तसंच. तिच्याजवळ शबाना म्हणून एक बाई बसली होती, चाळिशीची, शिवणकाम करते, तीही वच्छीसारखीच. मी उंबऱ्यात बसले. पायऱ्या चढून दम लागला होता. शबानाने माझ्याकडे बघून वच्छीला हातांनी काहीतरी विचारलं. ती खूण मला येत नव्हती, पण काय विचारलं ते कळायला खूण कशाला यावी लागते? ही कोण?

वच्छीने हातोडी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, सरळ, तोंडाकडे आणि मग हातांकडे. मग तिने उजवा हात उचलला. पेरांनी दोनदा टकटक, आणि अंगठा खांद्यावरून मागे.

शबाना गोंधळली. तिने भुवया उंचावून पुन्हा विचारलं, कारण ती खूण त्यांच्या भाषेतली नव्हतीच. वच्छीने तिला उत्तर दिलं नाही. ती माझ्याकडेच बघत राहिली. पन्नासेक वर्षांनी ती माझ्याशी बोलली होती, आणि आता मी काय म्हणते ते बघायला थांबली होती.